आईच्या हिशेबाच्या वह्यांची पुस्तिका: कामाच्या नोंदी

आई १४ नोव्हेंबर २०२४ ला गेली. वर्षश्राद्धाला येणाऱ्यांच्या हातात तिची एक छोटी पुस्तिका द्यायची, असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं. मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे काय बिघडलं, का बिघडलं हे लिहून ठेवायची खोड आहे. कुणी असंच काम काढणार असेल तर आमच्या चुका तरी त्याला आयत्या मिळतील.

१५ जून २०२५, रविवार

इंदिरानगरच्या घरी जमलो. ताईने मजकूर लिहूनच आणला होता, दीड पान. 'प्रेमळ, सोशिक, मनमिळाऊ, संसारासाठी चंदनासारखी झिजली.' अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, चष्मा लावून सगळं वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "छान आहे. खालच्या नानींच्या वेळेलाही हेच छापलं होतं." ताई फणफणली. पण नंतर मी एका छपाईवाल्याकडे चौकशीला गेलो, तर त्याने संगणकावर तयार नमुने दाखवले. आईसाठी वेगळा, वडिलांसाठी वेगळा, फक्त नाव आणि फोटो बदलायचा. आईच्या नमुन्यात ताईचे चारपैकी तीन शब्द होते.

ताईचा मजकूर रद्द. त्याऐवजी काय, ते आज ठरलं नाही.

२२ जून

माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आत आईच्या हिशेबाच्या वह्या, १९७३ पासून २०१९ पर्यंत, एकूण ३८. रोज रात्री भांडी आवरली की ती ओट्याशीच उभ्याने हिशेब लिहायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत. वह्या तिने जपून ठेवल्यात हे कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तिकेत काय घालायचं, हा प्रश्न तिथेच मिटला. विशेषणं नकोत, हिशेबच छापायचा.

आता मोठी चूक. वह्यांना कुबट वास होता, काहींना कसर लागली होती, म्हणून मी त्या गच्चीत उन्हाला मांडल्या आणि जेवायला खाली आलो. जून महिना. दोन वाजता सर आली. धावत जाईपर्यंत सात वह्या भिजल्या. बॉलपेनच्या चार वाचल्या. दौतीच्या शाईच्या तिघींची शाई पसरली, आणि १९७६ च्या वहीची अकरा पानं निळी झाली ती झालीच.

जे जमलं ते असं: दर चार पानांमध्ये कोरा टिश्यू पेपर (वर्तमानपत्र नको, त्याची शाई ओल्या पानावर उमटते), वही उभी करून पंख्याखाली रात्रभर, टिश्यू तीन वेळा बदलला, आणि पानं जवळपास सुकल्यावरच वर वजन. इस्त्री फिरवायचा मोह आवरा. मी एका पानावर फिरवली. ते पान आता पापडासारखं मोडतं.

वास घालवायला ऊन लागतच नाही. वह्या सावलीत, वाऱ्यावर उघड्या ठेवल्या की आठ दिवसांत वास जातो.

२९ जून

मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपने २१२ पानं काढली, अडीच तासांत. खूश होतो. रात्री मोठ्या पडद्यावर पाहिलं तर समासातल्या नोंदी गायब. आई मुख्य हिशेब पेनने लिहायची आणि उसनं दिलं-घेतलं, राहिलं-साहिलं ते समासात पेन्सिलीने. ॲप 'पान स्वच्छ' करताना फिकट पेन्सिल म्हणजे डाग समजून पुसून टाकतं. सगळी पानं परत काढायची.

६ जुलै, आषाढी

दुसऱ्यांदा सुरू केलं, या वेळी साधा कॅमेरा. खिडकीजवळ, दिवा बंद, फ्लॅश बंद, ऊन थेट नको. पानामागे काळा कार्डशीट सरकवला की पलीकडच्या बाजूची अक्षरं दिसत नाहीत. ही युक्ती आधी कळली असती तर निम्मा त्रास वाचला असता. तासाला ६० पानांपेक्षा जास्त होत नाहीत. घाई केली की फोटो हलतो.

संध्याकाळी उपासाचं खाऊन वाचन. तिची लघुरूपं लागायला लागली. 'बुध. भा.' म्हणजे गंगेवरच्या (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) बुधवारच्या बाजारातली भाजी. 'रॉ.' रॉकेल, 'शि.' शिलाई, 'गि.' गिरणी. एका जागी मात्र ताई अडली. १९७९, "ओटी ८५". त्या काळात ८५ रुपयांची ओटी कुणाची भरली? मामीची? इतकी? तिने मावशीला फोन लावला, मावशीही विचारात पडली. अण्णा आतून ओरडले, "अगं, ओव्हरटाइम!" अण्णा नाशिकरोडला प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात होते, ३४ वर्षं. ओ.टी. म्हणजे त्यांची जादा पाळी, ती जमेच्या बाजूला होती आणि आम्ही खर्चात शोधत होतो. आधी रकाना पाहा, मग अर्थ लावा.

२० जुलै

वह्यांबरोबर भिंतीवरची जुनी कालनिर्णयंही सापडली, १९९६ पासूनची. चौकटीत दुधाचे लिटर, बाईंचे खाडे, इस्त्रीचे कपडे आणि "गॅस लावला". मी सहज एका सिलिंडरपासून दुसऱ्यापर्यंतचे दिवस मोजले. सरासरी २९. उन्हाळ्यात ३३, कारण मुलं मामाकडे. आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये एकदम ११. तो सिंहस्थ. पंचवटी सोडून आम्हाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, तरी गावोगावचे नातेवाईक रामकुंडावर स्नान करून मुक्कामाला आमच्याच दोन खोल्यांत. महिनाभरात २३ पाहुणे, तिने नावानिशी लिहिलेत, पुढे 'चहा बिनसाखर', 'रात्री भात नको' असे शेरे. स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याचा खर्च त्याच पानावर तळाशी आहे. मला तेव्हा तिची कंबर धरल्याचं आठवत नाही. २६ वर्षांचा होतो मी, आठवायला हवं होतं.

ही दोन पानं जशीच्या तशी छापायची.

१० ऑगस्ट

तिच्या चकलीच्या भाजणीचं प्रमाण पुस्तिकेत हवं, असा सगळ्यांचा आग्रह. वहीत एकच ओळ: "तां. ४ ह. २ उ. १ मु. अर्धी, धने जिरे अंदाजे, मोहन १ पळी." मी म्हटलं, करून पाहिल्याशिवाय छापायचं नाही. वहिनी पुण्याहून आलेली होती, तिने आणि बायकोने घाट घातला.

पहिली खेप तेलात सोडली आणि चकल्या विरघळल्या. कढईत नुसता चुरा. मोहन जास्त झालं. पळी आम्ही मोठी घेतली होती, आमटीची. फोडणीची लहान पळी दुसऱ्याच डब्यात निघाली.

दुसरी खेप मोडली नाही, पण चिवट. वहिनीचा संशय गिरणीवर. मी जाऊन विचारलं तर गिरणीवाला म्हणाला, गव्हावर दळली. भाजणी नेहमी हरभऱ्याच्या डाळीवर नाहीतर तांदळावर दळून मागायची, हे आईने कुठेही लिहिलं नाही, कारण ते लिहायची गोष्ट आहे असं तिला वाटलंच नसणार. वहीतल्या प्रत्येक कृतीत असं काहीतरी न लिहिलेलं असतं. ते शोधायला दोन किलो भाजणी गेली.

तिसरी खेप जमली. तेवढ्यात नवा प्रश्न: ४ म्हणजे ४ काय? वाटी, पण कुठली? अण्णांनी बोट दाखवलं. तांदळाच्या डब्यात असते ती पितळेची, तांबट लेनमधून घेतलेली, काठाला चेमटलेली. पाणी भरून मोजली, १६५ मिली. चेमट काढायची नाही. काढली तर माप बदलेल.

२४ ऑगस्ट

'दु.' काही सुटत नव्हतं. १९७८ ते १९८९, दोन-तीन महिन्यांतून एकदा, "दु. १.५०", पुढे २, पुढे ४. दूध वेगळं लिहिलेलं आहे. दुरुस्ती? दुर्वा? दुकान? मावशी म्हणाली, दुखणं, डॉक्टरची फी असेल. दादाला ते लगेच पटलं, आई दुखणं लपवायची म्हणून. मीही जवळपास तसंच टाइप केलं होतं, 'दु. = दुखणे'.

मग पंचवटीतल्या वाड्यात आमच्या समोर राहायच्या त्या काकूंकडे गेलो. आता गंगापूर रोडला मुलाकडे असतात, ८१ वय, कान चांगले. पान दाखवलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं आणि हसायला लागल्या ते थांबेचनात.

"अरे, दुपारचा खेळ!"

दोघी जायच्या. पूल ओलांडून, कधी विजयानंदला, कधी दुसरीकडे. तीनचा खेळ. थोरली दोघं शाळेत, मी मांडीवर. "तू बरा होतास, झोपून राहायचास. गाणं लागलं की मात्र रडायचास." शाळा साडेपाचला सुटायची, म्हणून पाच वाजले की उठायचं. मी विचारलं, मग सिनेमाचा शेवट? "शेवट कुठला बघायला! तो भांडीवाली सांगायची. ती रात्रीच्या खेळाला जायची नवऱ्याबरोबर."

अकरा वर्षं दोघींनी एकही शेवट पाहिला नाही.

१९८९ ला आम्ही वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो. त्यानंतर वह्यांमध्ये 'दु.' एकदाही नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

यंदा गणपती बसवला नाही, त्यामुळे सुट्टी मोकळी. सगळे फोनवर. दादाचं म्हणणं, हे छापू नका. आई घरच्यांना न सांगता सिनेमाला जायची, असं श्राद्धाला आलेल्या लोकांनी वाचायचं का? ताई म्हणाली, छापा, आणि मोठ्या अक्षरात छापा. दोघांत जुंपली. मी तटस्थ राहिलो असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे घाबरलो होतो, कारण अण्णांना अजून सांगितलंच नव्हतं.

३१ ऑगस्ट

सांगितलं.

अण्णांनी वही मागितली. मग स्वतःच्या कपाटातून एक जुनी डायरी काढली, त्यात त्यांच्या पाळ्या. तासभर दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत होते. शेवटी म्हणाले, "सगळे 'दु.' माझ्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यातले आहेत. फर्स्टला मी दुपारी घरी असायचो ना." मला वाटलं होतं चिडतील. हिशेब जुळल्याचं समाधानच आधी दिसलं चेहऱ्यावर.

थोड्या वेळाने म्हणाले, "सांगितलं असतं तर मी काय नाही म्हणालो असतो?"

मी काही बोललो नाही.

"म्हणालो असतो," अण्णा म्हणाले आणि डायरी आत ठेवून आले. "छापा. पण दोन रुपये, चार रुपये असे आकडे नीट द्या. तिने चोरून नेले नाहीत, लिहून नेलेत."

दादाला मी हे वाक्य तसंच्या तसं पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

१४ सप्टेंबर

सर्वांत महागडी चूक. आम्ही १४ नोव्हेंबर धरून चाललो होतो. गुरुजींना विचारायला गेलो तर ते म्हणाले, श्राद्ध तिथीने. आई गेली ती वैकुंठ चतुर्दशी, आणि ती यंदा ४ नोव्हेंबरला आहे. दहा दिवस कमी. वरून मध्ये दिवाळी. वसुबारस १७ ऑक्टोबरला, त्यानंतर भाऊबीज उलटून आठवडा जाईपर्यंत छापखान्यांत कामगार नसतात. म्हणजे हातात दोन महिने आहेत असं वाटत होतं, ते प्रत्यक्षात एक महिना. ज्या आईच्या घरात एकही वार कालनिर्णय न बघता ठरत नव्हता, तिच्या कामात आम्ही कालनिर्णय बघितलं नाही.

८० पानांचा बेत ५६ वर आणला. मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत, ५६ बसतं. लोणच्यांचा विभाग गेला, लग्नाच्या याद्या गेल्या. जाऊ दे.

२८ सप्टेंबर

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला होता (बायको आणि भाची, तीन आठवडे). छपाईवाल्याकडचं सॉफ्टवेअर जुन्या फाँटचं. रूपांतर केल्यावर 'दुसऱ्या'चं 'दुसया' आणि 'पुऱ्या'चं 'पुया' झालं. जिथे जिथे अर्धा ऱ, तिथे घोळ. हाताने शोधली, ६१ जागा. ऑपरेटरचं म्हणणं, कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या मावशीच्या येतं.

ऑर्डर देण्याआधी एकच वाक्य टाइप करून त्याच्याकडून छापून मागा: 'दुसऱ्या घरच्या ताज्या पुऱ्या ऑगस्टमध्ये'. सगळे दोष एका फटक्यात कळतात. हे वाक्य मी आता बनवलंय, तेव्हा सुचलं असतं तर चार संध्याकाळी वाचल्या असत्या.

११ ऑक्टोबर

प्रूफ आलं. अण्णांनी आधी वाचलं नाही, कोपरा अंगठा-बोटात धरून चोळला, मग उजेडात धरला. "सत्तरचा आहे. मागचं दिसतंय." ७० जीएसएमवर (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) स्कॅन केलेली पानं खरोखरच आरपार दिसत होती. प्रेसमधल्या माणसाला कागदात फसवता येत नाही. १०० चा घेतला, प्रतीमागे १४ रुपये वाढले. छपाईवाल्याने मला विचारलं, काका कुठे होते कामाला? मी सांगितल्यावर पुढच्या वेळी त्याने खुर्ची दिली.

मुखपृष्ठावर आईचा फोटो नाही. वहीचं एक पान आहे, आणि खाली फक्त नाव. यावर भांडण झालं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

१६ ऑक्टोबर

७५ प्रती ताब्यात, वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी. रिक्षात मांडीवर गठ्ठे घेऊन आलो.

घरी येऊन पान ९ उघडलं. पंचवटीच्या वाड्यातला १९८१ चा फोटो, निगेटिव्हवरून स्कॅन केलेला. काहीतरी खटकत होतं, कळेना. बायकोने एका क्षणात सांगितलं, पदर उजव्या खांद्यावर आहे. निगेटिव्ह उलटी ठेवली गेली होती, फोटो आरशातल्यासारखा. नथसुद्धा उजवीकडे. कारखान्यात मी मायक्रॉनमध्ये चुका पकडतो. आता काही करता येत नव्हतं, तसंच ठेवलं. निगेटिव्हवरून काढत असाल तर पदर बघा, नथ बघा, दुकानाची पाटी असेल तर ती वाचून बघा.

४ नोव्हेंबर

श्राद्ध झालं. जेवणं झाल्यावर प्रती वाटल्या. बहुतेकांनी आधी स्वतःचं नाव शोधलं, कुणाला किती उसने दिले होते ते बघायला. तशा नोंदी आम्ही गाळल्या होत्या, हे बरं केलं. नात्यातल्या दोघांचे चेहरे हलके झालेले मी पाहिले.

मावशीने पान ९ वर बोट ठेवलं. "पदर."

काकूंना मुलाने गाडीतून आणलं होतं. त्या अण्णांच्या शेजारी बसल्या. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग अण्णांनी विचारलं, "कुठले कुठले पाहिलेत?" आणि काकू बोटं मोजत नावं सांगायला लागल्या. प्रत्येक नावाला अण्णा मान हलवत होते. दोनदा म्हणाले, "हा मी पाहिलाय. शेवटी तो मरतो."

९ नोव्हेंबर

हिशेब, तिच्याच पद्धतीने.

डीटीपी ४,२००. छपाई ७५ प्रती, दर ११८, एकूण ८,८५०. जादा प्रूफ ३५०. भाजणी आणि तेल ९४०. रिक्षा-पेट्रोल १,१००. एकूण १५,४४०, तिघांत सारखे. वेळ साधारण १६० तास, त्यातले निम्मे दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे.

शिल्लक प्रती ६. मूळ वह्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत, अण्णांच्या पलंगाखाली नव्हे (तिथे ओल येते), कपाटाच्या वरच्या फळीवर. फोटोंची एक प्रत ताईकडे, एक दादाकडे, एक माझ्याकडे.

पुस्तिकेत वाटीचं माप १६५ मिली असं छापलंय, म्हणजे कुणालाही कुठलीही वाटी चालेल. तरी काल वहिनीचा फोन आला, ती पितळेची वाटी कुठे आहे म्हणून. परवा ताईचा आला होता. दोघींना सांगितलं, डब्यात असेल, बघून सांगतो. वाटी माझ्याकडे आहे.